गरम झाली की रुसते, गार झाली की चालते: जुन्या स्पोर्ट्स कारचे सेन्सर आणि पेट्रोल लाइन कशी तपासायची

लक्षणं

सकाळी पहिल्याच सेल्फला गाडी सुरू होते. कोथरूडहून निघून वारजे, नवले पुलाची गर्दी, कात्रजचा नवा बोगदा, सगळं विनातक्रार पार पडतं. खेड शिवापूरला चहाला थांबता. वीस मिनिटांनी चावी फिरवता तर सेल्फ जोरात फिरतो, बॅटरी ठणठणीत, पण इंजिन काही पकडत नाही. बघे जमतात, कारण गाडी दोन सीटची, लाल आणि वरून उघडी. त्यातला एक जण हमखास विचारतो, "पेट्रोल आहे ना?" अर्ध्या तासाने तीच गाडी काही झालंच नव्हतं अशा थाटात सुरू होते.

माझी गाडी १९९४ची, १.८ लिटर पेट्रोल. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हा दोष कंपनीचा नाही, वयाचा आहे. इंजेक्शनवाल्या कुठल्याही तीस वर्षं जुन्या गाडीत तो येतो. हेच दुखणं मी आतापर्यंत सहा वेळा निस्तरलंय, दोनदा माझ्या गाडीत आणि चार वेळा मित्रांच्या. पहिल्या वेळी एका गॅरेजने पेट्रोल पंप, प्लग, प्लगच्या वायरी आणि एक सेन्सर असं सगळं बदललं. चौथ्या दिवशी गाडी पुन्हा सिंहगड रोडला उभी. शेवटी सापडला तो रिलेमधला, म्हणजे पंपाला करंट देणाऱ्या डबीतला, कथलाचा एक तडकलेला डाग, पन्नास रुपयांचंही काम नव्हतं.

तेव्हापासून एक नियम पाळतो. गाडी बिघडलेली असते तेव्हाच तिला तपासायचं. गार झाल्यावर सगळे सेन्सर साळसूद असतात.

बंद कशी पडली, ते आधी आठवा

बंद पडण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या असतात आणि निम्मं निदान तिथेच होतं. चावी बंद केल्यासारखी फटकन मेली तर संशय विजेवर: क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे सांगणारा), मेन रिले, इग्निशन. झटके देत, खोकत, चढावर दम तोडत बंद पडली तर पेट्रोल कमी पोचतंय. चालताना ठीक, पण गरम असताना लवकर सुरू होत नाही आणि पेट्रोलचा भपकारा येतो, तर पेट्रोल जास्त होतंय. आयडलिंगला आरपीएमचा काटा हजार ते दीड हजार असा झोके घेतोय पण गाडी बंद पडत नाही, तर कुठून तरी चोरून हवा आत जातेय.

ग्लोव्ह बॉक्समध्ये एक वही ठेवा. बाहेर ऊन किती, गाडी किती वेळ चालली होती, टाकीत पेट्रोल किती, कशी बंद पडली, किती मिनिटांनी सुरू झाली, इतकंच लिहायचं. माझ्या एका मित्राची गाडी दर वेळी टाकी पाव राहिली की बंद पडायची. हे त्याला वही वाचल्यावरच कळलं. टाकीतला पंप पेट्रोलात बुडून गार राहतो. पेट्रोल कमी झालं की थकलेला पंप तापतो आणि दाब सोडतो.

रस्त्याच्या कडेला, फुकटात

पहिलं, चावी ऑन करा पण सेल्फ मारू नका. मागून दोन सेकंद 'घूंऽऽ' असा आवाज आला पाहिजे. तो पंप. काही गाड्यांत सेल्फ मारल्याशिवाय पंप फिरतच नाही, म्हणून आपली गाडी चांगली असते तेव्हा कशी बोलते ते आधीच ऐकून ठेवा. आवाज नसेल तर फ्यूज आणि रिलेकडे वळा, सेन्सरच्या नादी लागू नका.

दुसरं, सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे बघा. बऱ्याच गाड्यांत काटा थोडा थरथरतो. म्हणजे इंजिन फिरतंय हे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला कळतंय. काटा मेल्यासारखा शून्यावर पडून असेल तर क्रँक सेन्सरचा सिग्नल पोचत नसण्याची शक्यता मोठी, आणि तो सिग्नल नसेल तर कॉम्प्युटर स्पार्कही देत नाही आणि पेट्रोलही.

तिसरं, चावी ऑन-ऑफ अशी तीन वेळा करा, दर वेळी दोन-तीन सेकंद थांबून, मग सेल्फ मारा. अशी सुरू झाली तर लाइनमधला दाब उतरत होता आणि तुम्ही पंपाला तो पुन्हा भरायला वेळ दिला.

चौथं, ॲक्सिलरेटर पूर्ण खाली दाबून सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शन गाड्यांत पेडल पूर्ण दाबलं की सेल्फच्या वेळी पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंद राहतात. अशी खोकत सुरू झाली आणि मागून काळा धूर निघाला, तर इंजिनात पेट्रोल तुंबलं होतं.

पाचवं, टाकीचं झाकण उघडा. फुस्स करून हवा जोरात आत ओढली गेली आणि मग गाडी नीट चालली, तर टाकीचा श्वास कोंडलाय.

या पाचही गोष्टींना पान्हाही लागत नाही, आणि यातली उत्तरं गॅरेजमध्ये गार गाडीवर मिळणार नाहीत.

पेट्रोलबद्दल थोडं

आपल्याकडे आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपावर मिळतं. २०२३च्या फेब्रुवारीत त्याची सुरुवात झाली. नव्वदच्या दशकातली गाडी त्यासाठी बनलेली नाही. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. मिश्रणाला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेत आठ-नऊ टक्के जास्त पेट्रोल सोडायला हवं. सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर धड असेल तर कॉम्प्युटर हे भागवून नेतो. तो सेन्सर म्हातारा असेल तर गाडी कोरडी, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी अशी, चालते आणि पिकअपला अडखळते.

जास्त काळजी रबराची. इथेनॉल जुने पाइप फुगवतं, मऊ करतं, आणि आतून सुटलेला काळा गाळ फिल्टरमध्ये जाऊन बसतो. पाइप बदलायचा तर त्यावर 'एसएई जे३० आर९' असा शिक्का बघून घ्या. टाकीच्या आत पेट्रोलात बुडणाऱ्या तुकड्यासाठी मात्र 'आर१०' लागतो. बाहेरचा पाइप आत टाकला तर काही महिन्यांत त्याची साल निघते. आणि महिना-महिना उभ्या राहणाऱ्या गाडीत टाकी अर्धी ठेवू नका, पावसाळ्यात तर नाहीच. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

अर्थिंग, रिले आणि उंदीर

मल्टीमीटर नसेल तर पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून साधा डिजिटल घ्या. घरगुती कामाला तो पुरतो.

आधी बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. मग अर्थिंग. इंजिन चालू, हेडलाइट आणि पंखा चालू ठेवून मीटरची एक पिन इंजिनच्या उघड्या धातूवर आणि दुसरी बॅटरीच्या मायनसवर लावा. ०.२ व्होल्टच्या आत हवं. माझ्या गाडीत दुसऱ्या खेपेला ०.७ आलं होतं. सेन्सर पाच व्होल्टच्या हिशेबात बोलतात, अर्धा-पाऊण व्होल्ट अर्थिंगने खाल्ला की सगळेच खोटं बोलू लागतात. नाना पेठेतल्या म्हाताऱ्या वायरमन चाचांनी तेव्हा बॉनेट उघडून नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, सेन्सर नंतर. आधी ही वेणी बघा." इंजिन आणि बॉडीमधली तांब्याची वेणी हिरवी पडली होती, निम्मे धागे तुटलेले. नवी घातली, बोल्टखालचा रंग घासून काढला, वरून ग्रीस लावलं.

रिलेकडे जास्त वेळ द्या. डॅशखाली एक चौकोनी डबी असते, पंप आणि इंजेक्शनचा करंट तिच्यातून जातो. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत या डबीच्या आतल्या सर्किटच्या पाटीवरचे डाग वर्षानुवर्षं तापून-निवून तडकतात. गार असताना तडा मिटलेला असतो. दुपारी गाडी उन्हात उभी राहिली की डॅशखाली भट्टी होते, धातू पसरतो आणि तडा उघडतो. म्हणून "उन्हात उभी केली की पंपाचा आवाज येत नाही, रात्री येतो" असं कोणी सांगितलं की मी आधी हीच डबी काढतो. कव्हर उघडून, उलटी धरून, भिंगातून पिनांच्या बुडाशी बघा. चांगला डाग गुळगुळीत आणि चकचकीत असतो. तडकलेल्या डागात पिनेभोवती केसाएवढी काळी बांगडी दिसते. जुनं कथील शोषून घेऊन नवा डाग द्यायचा. हात थरथरत असेल तर मोबाइल दुरुस्त करणारा पोरगा दोन मिनिटांत देतो. रस्त्यावर खात्री करायची तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने डबीला हलकी टिचकी मारा. पंप 'घूं' करून उठला तर चोर सापडला.

आणि उंदीर. सोसायटीच्या पार्किंगमध्ये महिना उभी राहणारी गाडी म्हणजे त्यांना आयता वाडा. वायरींवरचं प्लास्टिक कुरतडलेलं असतं, तांबं दिसत असतं, पण वायर तुटलेली नसते. पावसाळ्यात तीच वायर दगा देते. टॉर्च घेऊन प्रत्येक कपलरपर्यंत, म्हणजे वायरींच्या प्लास्टिकच्या जोडापर्यंत, बघा. कपलर ओढताना वायरीला धरू नका. तीस वर्षांचं प्लास्टिक बिस्किटासारखं मोडतं.

व्हॅक्यूमचे बारीक रबरी पाइपही याच वेळी बघून घ्या. टोकाला भेगा पडतात, टोक अर्धा इंच कापून पुन्हा बसवलं तरी चालतं. इंजिन चालू असताना एकेक पाइप चिमटीत दाबायचा आणि आयडलिंग कुठे सुधारतं ते बघायचं. पेट्रोलचा दाब सांभाळणाऱ्या प्रेशर रेग्युलेटरला जाणारा पाइप मात्र इंजिन बंद करून काढा आणि हुंगा. आत पेट्रोल असेल तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय आणि इंजिन बाजूने पेट्रोल पितंय. काही लोक गळती शोधायला गरम इंजिनवर कार्ब क्लीनर, म्हणजे कार्ब्युरेटर साफ करायचा स्प्रे, फवारतात, ते करू नका. एक मित्र उदबत्तीच्या धुराने शोधतो म्हणाला. त्याला म्हटलं, बाबा रे, पेट्रोलच्या वासात उदबत्ती लावलीस तर पुढची तुझ्या फोटोसमोर लावावी लागेल.

आता सेन्सर

बिघाडाचा कोड आधी काढा. १९९६च्या आधीच्या बहुतेक गाड्यांना आजचा स्कॅनर जोडता येत नाही. डायग्नोसिसच्या डबीत दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडल्या की चेक इंजिनचा दिवा लुकलुकून आकडा सांगतो. कुठल्या पिना, ते तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघूनच जोडा, अंदाजाने नाही. आणि कोड सर्किट सांगतो, भाग सांगत नाही. 'कूलंट सेन्सर' असा कोड आला म्हणजे सेन्सरच गेला असं नाही. वायर, कपलर, अर्थिंग यांपैकी कोणीही असू शकतं.

या कूलंट सेन्सरपाशी, म्हणजे इंजिनच्या पाण्याचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरपाशी, सगळ्यात जास्त लोक फसतात. इंजिनवर असे सेन्सर सहसा दोन असतात. एका वायरचा डॅशवरच्या काट्यासाठी, दोन वायरींचा कॉम्प्युटरसाठी. काटा बरोबर दाखवतो म्हणून सेन्सर चांगला, असं समजू नका. तो दुसराच. बदलतानाही लोक चुकीचा बदलतात, हे मी दोनदा पाहिलंय.

तपासायचा ओहममध्ये. त्या काळी खूप गाड्यांत वापरलेल्या जातीचा सेन्सर २० अंशांना साधारण २.५ किलोओहम दाखवतो आणि ८० अंशांना साधारण ३२० ओहम. तापमान वाढलं की आकडा उतरतो. सेन्सर काढून चहाच्या भांड्यात गरम पाण्यात धरा, शेजारी थर्मामीटर ठेवा. पाणी निवताना आकडा हळूहळू चढायला हवा, मध्येच उडी नको.

पण खरी गंमत कपलरमध्ये. समजा सेन्सर ठीक आहे, गरम इंजिनवर ३२० ओहम देतोय, पण कपलरच्या पिनेवर हिरवी बुरशी चढून दोन हजार ओहमचा अडथळा झालाय. कॉम्प्युटरला दिसतात २,३२० ओहम. त्याला वाटतं इंजिन वीस-बावीस अंशांवर आहे, आत्ताच उठलंय, बिचाऱ्याला थंडी वाजतेय, ओता पेट्रोल. इंजिन असतं ऐंशीच्या वर. प्लग भिजतात, गाडी सुरू होत नाही. वायर पूर्ण तुटली असती तर कॉम्प्युटरने कोड टाकला असता. हे अर्धवट दुखणं कोडमध्ये येतच नाही, कारण बावीस अंश हे काही अशक्य तापमान नाही. म्हणून सेन्सरवर नाही, शक्य असेल तर कॉम्प्युटरच्या बाजूने वायरींसकट ओहम मोजा, इग्निशन बंद आणि कॉम्प्युटरचा कपलर काढलेला ठेवून.

ॲक्सिलरेटर किती दाबला ते सांगणारा थ्रॉटलचा सेन्सर सोपा. चावी ऑन, पेडल सोडलेलं असताना सुमारे ०.५ व्होल्ट, पूर्ण दाबल्यावर सुमारे ४.५. हळूहळू दाबताना आकडा कुठे अडखळला की तिथली पट्टी झिजलीय. हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असेल तर इंजिन बंद, चावी ऑन असताना तो बाहेरचा दाब दाखवतो. पुस्तकात १०१ किलोपास्कल लिहिलेलं असतं, ते समुद्रसपाटीचं. पुणे साधारण ५६० मीटरवर आहे, इथे ९५च्या आसपासच दिसायला हवं. ९५ बघून सेन्सर बदलणारे महाभाग आहेत. महाबळेश्वरला गेलात तर ८६.

क्रँक सेन्सर आणि ओलं फडकं

वडिलांच्या काळी खंडाळ्याच्या घाटात कार्ब्युरेटरच्या गाड्या वाफ धरायच्या, म्हणजे लाइनमध्येच पेट्रोलची वाफ होऊन बंद पडायच्या. मग बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि भजी खायची. आजही कोणी तरी जुना जाणता हेच सांगतो. इंजेक्शनच्या गाडीत लाइनमध्ये तीन बारच्या आसपास दाब असतो आणि जास्तीचं पेट्रोल टाकीत परत जातं, त्यामुळे वाफ सहसा धरत नाही. फडकं मात्र अजून उपयोगी आहे, जागा बदललीय.

दोन वायरींचा क्रँक सेन्सर म्हणजे बहुधा बारीक तांब्याच्या तारेचं गुंडाळं. ती तार आतून कुठे तरी केसभर तुटलेली असते. गाडी बंद केल्यावर पाणी फिरायचं थांबतं, पंखा थांबतो आणि पुढची पंधरा-वीस मिनिटं बॉनेटखालची उष्णता उलट वाढते. चहाच्या थांब्यानंतरच गाडी रुसते ती यामुळे. तेव्हा आरपीएमचा काटा मेलेला असेल, पंपाचा आवाज येत असेल, तर गार पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं सेन्सरवर दोन-तीन मिनिटं धरा. फक्त सेन्सरवर. इग्निशन कॉइलवर नाही, सायलेन्सरच्या पाइपवर नाही, आणि पुलीच्या पट्ट्यांजवळ हात असताना कोणालाही सेल्फ मारू देऊ नका. लगेच सुरू झाली तर शोध संपला. मीटरने खात्री करायची तर गरम असतानाच ओहम घ्या. माझ्याकडच्या एका सेन्सरने गार असताना ९०० ओहम दाखवले आणि तापल्यावर अनंत. तीन वायरींचा सेन्सर बहुधा हॉल जातीचा, आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला असतो, त्याला ओहम लावून काही कळत नाही.

सेन्सर बदलाल तेव्हा क्रँकबरोबर फिरणाऱ्या दातेरी चकतीपासूनचं अंतर मॅन्युअलप्रमाणे ठेवा. ते एखाद्या मिलिमीटरच्या आसपास असतं, आणि टोकाला चिकटलेला लोखंडाचा कीस पुसून टाका.

पीयूसीची चिठ्ठी फेकू नका

गाडी पूर्ण गरम करून पीयूसी करा आणि आकडे वाचा. कार्बन मोनॉक्साइड जास्त म्हणजे पेट्रोल जास्त, मग कूलंट सेन्सर, रेग्युलेटर, गळका इंजेक्टर. मोनॉक्साइड कमी पण हायड्रोकार्बन जास्त म्हणजे मिसिंग आहे किंवा मिश्रण कोरडं, मग प्लग, व्हॅक्यूम, पेट्रोलचा दाब. मागच्या दोन-तीन चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या की दुखणं कधी सुरू झालं तेही दिसतं.

इथे थांबा

पेट्रोलचा दाब मोजणं ही माझ्या मते घरच्या माणसाची शेवटची पायरी, आणि तीही फ्यूएल रेलवर, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या नळीवर, गेज लावायला तयार तोंड असेल तरच. आधी पंपाचा फ्यूज काढून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालवायची, म्हणजे दाब उतरतो. मोकळ्या जागेत, गार इंजिनवर, बॅटरीचं मायनस काढून, आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवून. गेज घट्ट बसलं की फ्यूज आणि बॅटरी परत जोडा. आयडलिंगला २.५ बारच्या आसपास, रेग्युलेटरचा व्हॅक्यूम पाइप काढून बुजवला की ३च्या आसपास, आणि बंद केल्यावर काही मिनिटं दाब टिकायला हवा. नेमके आकडे मॅन्युअलचे धरा. दाब कमी असेल तर आधी फिल्टर, मग पंप.

तोंड नसेल आणि पाइप कापून गेज बसवावं लागत असेल तर हात मागे घ्या. टाकीतला पंप काढणं, इंजेक्टर साफ करणं, कॉम्प्युटरची पाटी उघडणं, हे काम जाणत्या मेकॅनिकचं. केबिनमध्ये पेट्रोलचा वास येत असेल किंवा गाडीखाली थेंब दिसला तर सेल्फही मारू नका, गाडी टोइंगवरच न्या. पिवळ्या कपलरच्या वायरी एअरबॅगच्या, त्यांना मीटर लावायचा नाही.

मेकॅनिककडे नेताना दोन गोष्टी करा. गाडी गार करून नेऊ नका. अर्धा तास फिरवून, तापवून न्या, आणि तिथेच बंद करून वीस मिनिटं उभी करा. आणि वही दाखवा. "गरम असताना काटा हलत नव्हता, पंप बोलत होता, ओलं फडकं ठेवल्यावर सुरू झाली" एवढं वाचलं की चांगला माणूस स्कॅनर शोधायच्या आधी गाडीखाली शिरतो. आणि न वाचता "पंप टाकून बघू" म्हणाला, तर गाडी सुरू आहे तोवर तिथून निघा.